पाटीवरचं हिरवं

सांडव्याजवळच्या कोपऱ्यातलं ते हिरवं सगळ्यांत आधी बुडीदादाला दिसलं, आणि त्यालाच दिसलं हे वाईट झालं. दुसऱ्या कुणाला दिसलं असतं तर त्याने ते ओरबाडून काठावर फेकलं असतं आणि घरी जाऊन जेवला असता. दादा पडला नेमाचा माणूस. पाण्यात नवीन काही आढळलं तर ताबडतोब कळवा, असा एक कागद मच्छीमार संस्थेच्या भिंतीवर चिकटवलेला होता, आणि अख्ख्या संस्थेत तो त्याने एकट्याने वाचला होता.

बुडीदादा हे नाव त्याला तरुणपणी पडलं. तळाशी अडकलेलं जाळं सोडवायला तो बुडी मारायचा तेव्हा काठावरची माणसं बोलणं थांबवून पाण्याकडे बघत राहायची, एवढा वेळ तो खाली असायचा. आता पन्नाशी उलटली होती. दम पूर्वीचा राहिला नव्हता, नाव राहिलं होतं. घरात तो आणि बायको. ती बाजारात मासे विकायची, म्हणून सगळ्या गावाची मावशी. एकुलती एक लेक बसने दोन तासांवर, दुसऱ्या एका तलावाकाठी दिली होती. जावईसुद्धा होडीवालाच. दादाला आणि मावशीला पाण्याशिवाय दुसरं काही येत नव्हतं, आणि यायला हवं असं कधी वाटलंही नव्हतं.

त्या हिरव्याचं पान नखाएवढं होतं, जोडीजोडीने लागलेलं, वर बारीक लव. पाणी टाकलं तर थेंब घरंगळून जायचा आणि पान कोरडंच राहायचं. दादाने मूठभर उचलून घरी आणलं तेव्हा मावशी म्हणाली, दिसायला छान आहे, दारात कुंडीत ठेवू या. दादाने पिशवीत घातलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने तो शहरातल्या कचेरीत गेला.

मासे खात्याच्या कारकुनाने त्याला दाराबाहेर उभं केलं, कारण पिशवीतून पाणी गळत होतं. अकरापासून एक वाजेपर्यंत तो गळत्या पिशवीखाली हात धरून उभा राहिला. मग त्याला सांगण्यात आलं की मासे आमचे खरे, पण पाणी पाटबंधारे खात्याचं. पाटबंधारेवाले म्हणाले, पाणी आणि दारं आमची, जे उगवतं ते शेती खात्याचं. शेती खात्यात एक साहेब हसले आणि म्हणाले, शेतात उगवलं असतं तर आमचं होतं. तिन्ही कचेऱ्या एकाच आवारात होत्या आणि तिन्हींतली माणसं चहाला एकाच टपरीवर जायची. शेवटी एका शिपायालाच दया आली. त्याने कागदाच्या कपट्यावर पाणवनस्पतींवर काम करणाऱ्या केंद्राचा नंबर लिहून दिला.

त्या केंद्रातल्या बाई तिसऱ्या दिवशी स्वतःच आल्या, एकट्या, बसने, खांद्याला पिशवी आणि गळ्यात भिंग. त्या साडी खोचून गुडघाभर पाण्यात उतरल्या, दोरीने ते हिरवं मापलं, आणि पान भिंगाखाली धरून देठापासून टोकापर्यंत बघितलं. मग त्यांनी दादाला जवळ बोलावून भिंग दिलं. प्रत्येक गाठीपाशी एकेक कोंब होता. एक गाठ तुटून वाहत गेली की जिथे थांबेल तिथे नवीन संसार मांडते, असं त्यांनी सांगितलं. दहा दिवसांत ते दुप्पट होतं. आज दोनचार अंगणांएवढं आहे. चाळीस माणसं लावली, आधी भोवतीने बारीक जाळ्याचं कुंपण घातलं आणि मग उपसलं, तर तीन दिवसांचं काम. कुंपणाशिवाय हात लावला तर तुकडे तलावभर होतील.

"पंधरा दिवस द्या मला," बाई म्हणाल्या. "जाळी, माणसं आणि तिन्ही खात्यांची परवानगी घेऊन येते. तोवर कुणालाही हात लावू देऊ नका. दादा, हे तुमच्यावर सोपवून जातेय."

दादावर आयुष्यात कुणी काही सोपवलं नव्हतं. त्याने होडी त्या कोपऱ्याच्या तोंडाशी बांधली. उजाडताना जाळी काढायची, मासे मावशीच्या हवाली करायचे आणि मग दिवसभर डोक्याला फडकं बांधून तिथे पहारा करायचा, असा त्याचा क्रम सुरू झाला. मावशी त्याची चेष्टा करायची. स्वतःच्या लग्नात तरी एवढा वेळ एका जागी बसला होतात का, म्हणून विचारायची. दादा गालात हसायचा आणि भाकरी खाऊन परत जायचा.

आठव्या दिवशी संस्थेचे चेअरमन दहाबारा जणांना घेऊन आले. कुणाच्या हातात कोयते, कुणाच्या हातात दाताळी. चेअरमन म्हणाले, दादा, बाजूला हो, एका सकाळचं काम आहे. दादा होडी आडवी घालून उभा राहिला. त्याने बाईंचं बोलणं शब्द न शब्द सांगितलं, गाठीचं, कोंबाचं, कुंपणाचं. आता फक्त सात दिवस राहिलेत, म्हणाला. माणसं कुरकुरत परत गेली. त्या दिवशी ते उपसलं असतं तर तलाव वाचला असता की अजून लवकर गेला असता, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. गावाने मात्र स्वतःपुरतं ठरवून टाकलं, दोष दादाचा.

त्याच आठवड्यातली दुसरी गोष्ट. मासे बाजारापर्यंत ताजे राहावेत म्हणून पाटीवर ओलं शेवाळ किंवा काठचं गवत पसरायचं, ही इथली नेहमीची पद्धत. त्या उन्हाळ्यात काठचं गवत वाळून कोळ झालं होतं. सकाळच्या जाळ्यांत त्या हिरव्याचे दोनचार झुबके अडकून यायचे, कोपऱ्यातून सुटून आलेले. मावशीने एक हातात धरून विचारलं, "हे घेऊ का पाटीवर? का ह्यालाही पहारा आहे?"

दादाने झुबका उलटासुलटा करून बघितला. "पाण्यात आहे तोवर त्याचा धोका. बाहेर निघालं की मेलं. घे खुशाल."

हे त्याला बाईंनी सांगितलेलं नव्हतं. त्याने विचारलंही नव्हतं. भिंगातून एकदा बघितलेल्या माणसाला जो आत्मविश्वास येतो, त्या आत्मविश्वासाने तो बोलला, आणि भिंगातून त्याने बघितलंय म्हणून तिने ते मानलं. त्या हिरव्याखाली मासे संध्याकाळपर्यंत थंडगार राहिले. गिऱ्हाइकं खूश झाली.

दर गुरुवारी मावशी लेकीच्या गावच्या बाजाराला जायची. वाटेत बस बदलावी लागे. तिथे थांब्यामागे एक जुनी दगडखाण होती, पाण्याने भरलेली. मावशी तिथे पाटीवर पाणी शिंपडून घ्यायची, फार सुकलेलं काढून टाकायची. मासे विकून झाले की तास-दीड तास लेकीकडे टेकायचं, पण घरात शिरायच्या आधी पाटी घेऊन तिथल्या तलावाच्या पायऱ्यांवर उतरायचं आणि ती स्वच्छ खळबळून धुवायची. लेकीच्या सासरी वासाची पाटी घेऊन कशी शिरणार? उरलेलं हिरवं पाण्यात जायचं. असे तिचे पाच गुरुवार झाले.

पंधरा दिवस संपले. बाईंचा फोन आला, जरा थांबा. वीस दिवस झाले, पंचवीस झाले. हिरवं आता सांडव्याच्या भिंतीला लागून पलीकडच्या झाडापर्यंत गेलं होतं. दादाने दोर लावून मोजलं आणि आकडा कोळशाने होडीच्या फळीवर लिहिला. गावातली माणसं येता-जाता म्हणू लागली, काय राखणदार, पीक जोमात आहे.

पाचव्या आठवड्यात शहरात बैठक भरली. पहिली खबर देणारा म्हणून दादालाही बोलावणं होतं. तो धुतलेला सदरा घालून गेला. त्याला बाहेर बाकावर बसवलं आणि शेवटी हजेरीच्या कागदावर सही घेतली. आत काय झालं ते बाईंनी बाहेर येऊन सांगितलं. मासे खातं जाळी द्यायला तयार होतं. पाटबंधारे खात्याला सांडव्याजवळ काही बांधायचं तर वरच्या साहेबांची सही लागत होती. शेती खात्याचं म्हणणं, आधी आमची पाहणी होऊ द्या. आणि पाहणी करणाऱ्या साहेबांची गेल्याच आठवड्यात बदली झाली होती. बाईंनी आणखी एक अर्ज केला होता. तिळाएवढा एक किडा असतो, तो फक्त हेच खातो, दुसऱ्या कशाला तोंड लावत नाही. पण परका किडा सोडायचा म्हणजे आधी तपासायला हवा, ते त्यांनाही मान्य होतं. तो अर्ज आणखी वर गेला होता.

दादाला सगळं समजलं नाही. एवढंच समजलं की आत कुणीही वाईट माणूस नव्हता. जो तो आपापल्या जागी बरोबर होता आणि हिरवं दर दहा दिवसांनी दुप्पट होत होतं.

सातव्या आठवड्यात एका दुपारी पश्चिमेचा वारा सुटला. दादा होडीत होता. त्याच्या डोळ्यांसमोर तो हिरवा पट्टा मधोमध उसवला. आधी मोठी मोठी ठिगळं झाली, मग लहान, मग ती सुटी होऊन पाण्यावर पळायला लागली. त्याने वल्ह्याने अडवायचा प्रयत्न केला, मग जाळं टाकून बघितलं, मग स्वतः पाण्यात उडी मारून दोन्ही हातांनी कवेत धरायला लागला. कवेत किती मावणार? काठावर माणसं जमली होती. कुणी हाक मारली नाही. अर्ध्या तासाने मावशी कमरेइतक्या पाण्यात शिरली आणि दंडाला धरून त्याला बाहेर घेऊन आली.

बाई दुसऱ्या दिवशी आल्या आणि बंधाऱ्यावर डोकं धरून बसल्या. "मी तुम्हाला थांबवायला नको होतं," त्या म्हणाल्या. दादा म्हणाला, तुम्ही सांगितलं ते बरोबरच होतं, बाई. तो मनापासून म्हणाला, म्हणून बाईंना ते जास्तच लागलं.

पुढचे दोन महिने सांगण्यासारखे नाहीत. पण सांगितल्याशिवाय सुटकाही नाही. तलाव या काठापासून त्या काठापर्यंत हिरवा झाला. वरून मऊ गालिचा दिसायचा आणि वल्हं टाकलं तर निघायचं नाही. होडी दहा हात न्यायला सकाळ जायची. खाली ना ऊन पोहोचत होतं ना वारा. पाणी काळं झालं, त्याला वास सुटला. तळाशी राहिलेली जाळी काढायला दादाने एकदा वल्ह्याने भगदाड पाडून बुडी मारली आणि लगेच वर आला. खाली बंद खोलीसारखा अंधार होता आणि त्याला दिशाच कळेना. डोक्यात, मिशांत, कानांत पानं घेऊन तो होडीला धरून खोकत राहिला. अंगावर चट्टे उठले ते महिनाभर गेले नाहीत.

मग मासे वर यायला लागले. जिथे जिथे हिरव्यात फट होती तिथे तोंडं उघडी टाकून दाटीवाटीने उभे राहायचे, हाताने धरता यायचे, आणि कुणी धरायचं नाही. वर्षाच्या सुरुवातीला संस्थेने सोडलेली बोटुकली, बोटाएवढी पिल्लं, आधी गेली, मग मोठे. दादा आणि मावशी टोपल्यांनी मेलेले मासे काठावर काढत होते आणि खड्ड्यात पुरत होते. मावशीने आयुष्यभर मासा हातात घेतला तो विकायला. शेवटच्या खड्ड्यावर माती ओढताना ती खाली बसली आणि ओरडून रडली. दादा फावडं धरून बाजूला उभा राहिला.

परवानग्या सगळ्या आल्या, तिन्ही खात्यांच्या, एकाच आठवड्यात. यंत्र आलं. लांब हाताच्या त्या यंत्राने काठाजवळचं उपसलं, एका साहेबाने त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढून घेतला, आणि पंधरा दिवसांनी उपसलेल्या जागी पुन्हा हिरवं आलं. गावातली माणसं रोजावर ते ओढायच्या कामाला लागली. दादाच्या शेजारी उभं राहायला कुणी तयार नसायचं. त्याला रांगेच्या टोकाला जागा मिळायची, जिथे चिखल सगळ्यांत खोल.

अशात लेकीचा नवरा आला. त्याने उगाच आढेवेढे घेतले नाहीत. आमच्या संस्थेत दोन होड्या माणसांवाचून पडून आहेत, म्हणाला, मामा, तुम्ही दोघं तिकडे या. मागची खोली रिकामी आहे. संस्थेत नाव लावायचं बोलून ठेवतो, महिनाभरात होईल. दादाने आधी नाही म्हटलं, जावयाच्या दारात राहायचं कसं म्हणून. मावशी म्हणाली, दारात नाही, पाण्यावर राहायचंय. तेव्हापासून घरात जरा जीव आला. मावशीने भांडी कुठली न्यायची, कुठली टाकायची हे ठरवून गाठोडी बांधून ठेवली. दादा जुनं जाळं घेऊन दारात बसायचा आणि फाटकं शिवायचा. शिवताना तो पुन्हा गुणगुणायला लागला होता.

आणि लेकीचा फोन आला. पायऱ्यांजवळ तसलंच हिरवं आहे, दोन अंगणांएवढं. तिने ते माहेरच्या तलावात बघितलेलं होतं, त्यामुळे दुसऱ्या कुणाला ओळखू यायच्या आत तिला ओळखू आलं. तिने घरात कुणाला सांगायच्या आधी बाईंना फोन केला होता.

या वेळी सगळं वेगळं झालं. दादाचा तलाव गेल्यावर वर कुठेतरी हलवाहलव झाली होती. तिन्ही खात्यांचं एक पथक केलं होतं, बाई त्याच्या प्रमुख होत्या. पहिली खबर आली की सात दिवसांत आधी काम, सह्या मागाहून, असा हुकूम निघाला होता. बाई तिसऱ्या दिवशीच चाळीस माणसं आणि बारीक जाळी घेऊन पोहोचल्या. सोबत तेच साहेब, ज्यांनी एकमेकांकडे बोटं दाखवली होती. ते आता पँट गुडघ्यापर्यंत दुमडून एकाच दोराला लागले होते. दादा आणि मावशीही गेले. त्या हिरव्याची खोड दादाइतकी कुणाला माहीत नव्हती. कुंपण कुठे घालायचं, वारा कुठून येईल, गठ्ठा न तोडता टोपलीखाली कसा घ्यायचा, हे तो दाखवत होता आणि पोरंसोरं त्याला दादा दादा म्हणत होती. तीन दिवसांत पायऱ्यांजवळचं पाणी मोकळं झालं. बाईंनी भिंग लावून काठ तपासला आणि पहिल्यांदा हसल्या. दादा हिशोब करत होता: आपला तलाव असाच, एवढ्याच माणसांत, एवढ्याच दिवसांत वाचला असता. त्याने तोंडावर पाणी मारून घेतलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी सगळ्या गावाला पायऱ्यांवर बसवलं. संस्थेचे लोक होते, जावई होता, लेक होती, तिची सासू होती. बाई म्हणाल्या, मला कुणाला शिक्षा करायची नाही. हे इथे कसं आलं एवढं कळायला हवं. ज्या वाटेने इथे आलं त्या वाटेवर ते आणखी कुठे पडलं असेल, आणि तिथेही आत्ता छोटंच असेल.

दादाला तोवर काही सुचलं नव्हतं. त्याला सुचलं ते मावशी उठून उभी राहिली तेव्हा, आणि एकदम सगळंच सुचलं.

"मी आणलं," मावशी म्हणाली. "पाटीवर घालून आणायचे. मासे गार राहतात. इथंच पायऱ्यांवर पाटी धुवायचे मी, दर गुरुवारी. वाटेत थांब्यामागं खाण आहे, तिथंही टाकलंय."

बाईंनी तिला खाली बसवलं नाही. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "मावशी, पाण्याबाहेर काढलं की मरतं, असं तुम्हाला कुणी सांगितलं होतं का?"

"कुणी नाही. माझंच डोकं."

ती दादाकडे बघत नव्हती. ती पाण्याकडे बघत होती. दादा तिच्यापासून चार हातांवर बसला होता. उठायचं म्हणून त्याने पायरीवर हात टेकला. तोंड उघडलं की होडी गेली, नाव गेलं, खोली गेली, हे त्याला त्याच क्षणी दिसलं. त्याने हात पुन्हा मांडीवर घेतला. एवढंच झालं. पण ते झालं.

पथक त्याच संध्याकाळी खाणीवर गेलं. तिथे दोन टोपल्या हिरवं सापडलं, ते काढलं. त्या खाणीचं पाणी खालच्या नदीला मिळतं, असं बाई म्हणाल्या. मावशीचे दोन्ही हात धरून त्या म्हणाल्या, तुम्ही आज किती पाणी वाचवलंत ते तुम्हाला माहीत नाही. मावशीने मान हलवली. लेक घरात निघून गेली होती. ती बाहेर आलीच नाही.

संस्थेचा निर्णय सांगायला जावई आठ दिवसांनी आला. तो उंबऱ्यावरच बसला आणि बराच वेळ चप्पल सोडत राहिला. लोक घाबरलेत, म्हणाला. मामांनी आपला तलाव साफ करून दिला, मामांना घ्यायला सगळे तयार आहेत. मावशींना मात्र काठावर येऊ द्यायचं नाही, असं एकमताने ठरलं. तो मान खाली घालून बोलत होता. लेकीने काही निरोप दिलाय का, असं मावशीने विचारलं. तो म्हणाला, ती सध्या कुणाशीच बोलत नाही. मावशीने त्याला चहा करून दिला.

तो गेल्यावर दादा म्हणाला, "मी उद्या जाऊन खरं काय ते सांगतो."

"काही सांगायचं नाही. सांगायचं होतं ते तिथं, पायरीवर. आता सांगून माझं नाव लागायचं नाही, तुमचं तेवढं जाईल." ती बांधून ठेवलेली गाठोडी एकेक सोडत होती. "आपल्यातल्या एकाला तरी पाणी मिळू दे."

"तुला राग नाही आला?"

"आला ना," मावशी म्हणाली. "तुम्ही हात टेकलात तेव्हा मला वाटलं, उठताय. मी तिकडे बघत नव्हते, पण मला कळलं. मग तुम्ही उठला नाहीत." ती थांबली आणि तिने एक पातेलं फळीवर ठेवलं. "जा तुम्ही. इथं बसून माझ्याकडे बघत राहाल, ते मला सोसायचं नाही."

मावशी दुसऱ्या दिवसापासून गावाबाहेरच्या कोंबड्यांच्या शेडवर झाडलोटीला जायला लागली. दादा सोमवारी बसने निघाला. तिने त्याचे कपडे धुऊन, कडक वाळवून, घड्या घालून दिले होते. जाळं बरोबर न्यायचं नव्हतं. आपल्या तलावातलं काहीही तिकडे न्यायचं नाही, असा आता नियम होता.

पहिल्या सकाळी जावयाने होडी काढली. पाणी निळं होतं, मोकळं. वल्हं टाकलं की आत जात होतं आणि बाहेर निघत होतं. दादाने संस्थेचं नवं जाळं आदल्या संध्याकाळीच लावून ठेवलं होतं, त्याच्या खुणेपाशी ते पोहोचले. दादाने दोर हातात घेतला आणि तो तसाच बसून राहिला.

"जावईबापू," तो म्हणाला, "पाटीवर ते घालायला मीच सांगितलं होतं तिला. तिनं विचारलं होतं. मीच म्हणालो, मेलेलं आहे, घे."

जावयाने वल्हं मारायचं थांबवलं. त्याने आधी आजूबाजूला बघितलं. जवळची होडी हाकेच्या पलीकडे होती.

"मामा, मला बोललात ते बोललात," तो म्हणाला. "पण हे आता दुसऱ्या कुणापाशी काढू नका. घरातसुद्धा नको. तुमचं नाव कालच लागलंय."

"आणि तिचं?"

"त्यांचं व्हायचं ते होऊन गेलं, मामा."

दादाने मान हलवली. कुणी काही सांगितलं की ते पाळायची त्याला जन्माची सवय होती. त्याने दोर मुठीभोवती घेतला आणि जाळं ओढायला सुरुवात केली. जाळं जड होतं. मासे वर यायला लागले, जिवंत, होडीच्या फळ्यांवर आपटत. दादा रडत होता आणि ओढत होता, आणि जावई त्याच्याकडे पाठ करून होडी सरळ धरून बसला होता.